प्रवेश निश्चित झाल्यापासून पहिल्या प्रॅक्टिकलपर्यंत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की ‘कॅप’च्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या सुरू होतात आणि आपल्या वृत्तपत्राची पाने कट-ऑफचे आकडे, प्रवेशाची वेळापत्रके आणि खासगी क्लासेसच्या जाहिराती यांनी भरून जातात. कोणाला किती पर्सेंटाइलवर कोणत्या महाविद्यालयात आयटी (माहिती तंत्रज्ञान शाखा) मिळाले, याची चर्चा घरोघरी होते. जागा मिळाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंत विद्यार्थ्याच्या हाती जे आठवडे उरतात, त्यांत त्याने काय करावे याविषयी मात्र जाहिरातींखेरीज कोणी काही सांगत नाही. मी नागपुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या माहिती तंत्रज्ञान विभागात सव्वीस वर्षे प्रयोगशाळा सहायक होते आणि नुकतीच निवृत्त झाले. व्याख्यान देणे हे माझे काम नव्हते. लॅबचे कुलूप उघडायचे, यंत्रे सुरू करून द्यायची आणि अडलेल्या मुलांच्या खुर्चीमागे उभे राहायचे, हे माझे काम. त्यामुळे फर्स्ट इयरची मुले पहिल्या प्रॅक्टिकलला नेमकी कुठे अडखळतात हे मी फार जवळून पाहिले आहे, आणि त्याच आधारावर हे पत्र लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी नरखेड तालुक्यातून एक मुलगी आमच्याकडे आली होती. बारावीला गणितात उत्तम गुण, अक्षर मोत्यासारखे, वही नीटनेटकी. सरांनी फळ्यावर सी भाषेतील दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून दिला, तो तिने एका बोटाने, प्रत्येक कॅपिटल अक्षरासाठी कॅप्स लॉक दाबून आणि पुन्हा सोडून, अचूक उतरवला, सेव्ह केला आणि खिडकी बंद केली. सरांनी तो पुन्हा उघडायला सांगितला तेव्हा ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “मॅडम, तो गेला.” प्रोग्रॅम गेला नव्हता, यंत्राने आपण होऊन पुढे केलेल्या फोल्डरमध्ये, यंत्रानेच सुचवलेल्या नावाने तो पडून होता. मी तो शोधून दिला, तेव्हा तिने विचारले की फाइल म्हणजे नेमकी असते कुठे. तोवर तिने मोबाइलच वापरलेला होता. मोबाइलमध्ये फोटो गॅलरीत असतात आणि पीडीएफ व्हॉट्सअॅपमध्ये असते. फोल्डरच्या आत फोल्डर असतो आणि प्रत्येक फाइलला स्वतःचा पत्ता असतो, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. शेजारची मुले तिसऱ्या प्रोग्रॅमवर पोहोचली होती. दुसऱ्या आठवड्यापासून तिने विचारणे सोडून दिले. पहिल्या सत्रात तिचा एकच विषय राहिला, तो प्रोग्रॅमिंगचा, आणि ज्या मुलीला वर्गातील निम्म्या मुलांपेक्षा गणित चांगले येत होते तिच्या माथी बॅकलॉग बसला. मला ही गोष्ट आजही अन्यायाची वाटते.

हा प्रश्न केवळ खेड्यातून येणाऱ्या मुलांचा आहे असे कोणी समजू नये. नागपुरातल्याच धरमपेठेतून नवाकोरा लॅपटॉप घेऊन आलेल्या मुलांनाही आपण उतरवून घेतलेली फाइल सापडत नाही, हे मी दरवर्षी पाहत आले. दोष मुलांचा नाही. अकरावी-बारावीची दोन वर्षे ती सीईटीसाठी राबतात. तीन तासांत दीडशे प्रश्न सोडवायचे, चार पर्यायांतून एक निवडायचा, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत म्हणून वेळ संपताना उरलेल्या प्रश्नांवर अंदाजाने क्लिक करून टाकायचे, ही सवय त्यांच्या अंगात पुरती मुरलेली असते. प्रोग्रॅम लिहिताना समोर चार पर्याय नसतात. कोरा पडदा असतो, आणि एक स्वल्पविराम चुकला तरी यंत्र पुढे सरकत नाही. या दोन सवयींमधले अंतर ओलांडण्यासाठी जुलै-ऑगस्टचे हे आठवडे सोन्यासारखे आहेत, आणि ते ओलांडायला पैसे जवळजवळ लागतच नाहीत.

तयारीची सुरुवात प्रवेशाच्या कागदपत्रांपासूनच करता येते. आज काय होते, तर आयटीला जाऊ पाहणारा मुलगा आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर, जातवैधता असा गठ्ठा घेऊन चौकातल्या कॅफेत जातो. कॅफेवाला ती कागदपत्रे स्कॅन करतो, ‘फाइल खूप मोठी आहे’ म्हणून लहान करतो, मुलाच्या लॉगिनने अपलोड करतो आणि पासवर्डही स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो. महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्मसुद्धा कित्येकदा दुसऱ्याच कोणाच्या हातून भरला जातो. माझी पालकांना विनंती आहे की हे काम मुलांनाच करू द्यावे. चुकले तर कॅफेवाल्या दादांना विचारावे, पण माउस मुलाच्या हाती असावा आणि पासवर्ड त्याच्याखेरीज कोणालाही ठाऊक नसावा.

फाइल मोठी का होते, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. ए-फोर आकाराचा कागद एका इंचाला ३०० बिंदू या प्रमाणात स्कॅन केला तर आडवे २,४८० आणि उभे ३,५०८ बिंदू होतात, म्हणजे एकूण सुमारे ८७ लाख. प्रत्येक रंगीत बिंदूसाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन बाइट (साठवणीचे एकक) धरले तर एका पानाचे जवळजवळ २६ एमबी, म्हणजे २६० लाख बाइट, झाले. हेच प्रमाण १५० बिंदूंवर आणले की दोन्ही बाजू निम्म्या होतात आणि आकार एकदम चौथ्या हिश्श्यावर येतो. जेपीजीमध्ये साठवताना डोळ्याला न जाणवणारा तपशील गाळला जातो म्हणून तो आणखी कमी होतो, आणि फार दाबले की गुणपत्रिकेवरचे आकडे पुसट होतात. बारावीचे गणित आलेल्या कोणालाही हा गुणाकार कळेल. आपल्याच गुणपत्रिकेवर तो करून पाहिला, सगळ्या फाइलींना ‘स्कॅन ००३’ऐवजी ओळखू येतील अशी नावे दिली, त्या एका फोल्डरमध्ये रचल्या आणि त्या फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवली, की फर्स्ट इयरची पहिली दोन प्रॅक्टिकल्स घरच्या घरी झाली असे समजावे.

दुसरी गोष्ट बोटांची. आपल्या शहरात टायपिंगच्या संस्था अजूनही आहेत. एके काळी तिथून लोखंडी टंकयंत्रांचा खडखडाट रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. आता जीसीसी-टीबीसी ही टायपिंगची सरकारी परीक्षा संगणकावर होते. सरकारी नोकरीच्या उमेदवारांसाठीच या संस्था असतात असा समज आहे, पण आयटीला जाणाऱ्या विद्यार्थ्याने तिथे महिना-दीड महिना रोज एक तास इंग्रजी टायपिंगचा सराव केला तर त्याला पुढची चार वर्षे त्याचा उपयोग होतो. वेगाचे मला फारसे कौतुक नाही. दहाही बोटे आपापल्या जागी पडू लागली की नजर कीबोर्डवरून उठून पडद्यावर जाते, आणि मग चूक होता क्षणीच दिसते. एका बोटाने टाइप करणाऱ्या मुलाचे सगळे लक्ष अक्षर शोधण्यात जाते. आपण काय लिहितो आहोत याचा विचार करायला त्याच्याकडे डोकेच उरत नाही. महिरपी कंस, अर्धविराम, अधोरेषा ही चिन्हे सीईटीच्या दोन वर्षांत कधी हाताखाली येत नाहीत, ती या काळात हाताखाली यावीत.

आता भाषेविषयी, म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या भाषेविषयी. “कॉलेज सुरू होण्याआधी कोणती लँग्वेज शिकू?” हा प्रश्न मला आजही वस्तीतल्या मुलांकडून सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. माझ्या शेजारच्या एका कुटुंबाला दोन वर्षांपूर्वी एका खासगी क्लासने असे पटवून दिले की चार भाषा आधीच शिकल्याशिवाय मुलाचा टिकाव लागणार नाही. घरात एकट्याची कमाई, तरीही काकूंनी भिशीचे पैसे उचलून चाळीस हजार रुपये भरले. मुलाने दोन महिन्यांत चार भाषांमधले दीडशे प्रोग्रॅम वहीत उतरवून घेतले. प्रमाणपत्र मिळाले. महाविद्यालयातल्या पहिल्या चाचणीत तीन संख्यांपैकी सर्वांत मोठी शोधायला सांगितले तेव्हा त्याला वहीतला प्रोग्रॅम आठवेना, आणि आठवल्याशिवाय लिहिता येईना. दीडशे प्रोग्रॅम त्याच्या हातून गेले होते, पण त्यातला एकही त्याने स्वतः रचलेला नव्हता.

म्हणून माझे उत्तर असे असते की एकच भाषा घ्यावी, सी किंवा पायथन यांपैकी कोणतीही, आणि पंधराच प्रोग्रॅम करावेत. पण प्रत्येक प्रोग्रॅम यंत्रावर चालवण्याआधी कागदावर चालवावा. आमच्याकडचे जुने सर याला ड्राय रन म्हणत आणि तो जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगवहीत, नसेल तर सही देत नसत. कागदावर प्रत्येक चलासाठी (व्हेरिएबलसाठी) एक रकाना आखायचा आणि एकेक ओळ वाचत त्या रकान्यातली किंमत बदलत जायची. एक ते दहा या संख्यांची बेरीज पंचावन्न होते हे सर्वांना ठाऊक असते. पायथनमध्ये नवखा मुलगा ‘रेंज’ (कुठून कुठपर्यंत मोजायचे ते सांगणारा शब्द) लिहून कंसात १ आणि १० टाकतो आणि उत्तर पंचेचाळीस येते. यंत्र बिघडले असे त्याला वाटते. रकाना आखून ज्याने पाहिले त्याला दिसते की शेवटची फेरी नऊवरच थांबली, कारण रेंजमध्ये दुसरी संख्या धरली जात नाही. ही एक चूक ज्याने स्वतः शोधली, त्याला पुढे वर्षभर उपयोगी पडेल असे काही तरी मिळाले. शिकवणाऱ्याने आधीच ‘तिथे अकरा लिही’ असे सांगून टाकले, तर त्याला फक्त पंचावन्न मिळतात.

हाच प्रयोग आपल्या गावाच्या नावावर केला की आणखी गंमत येते, आणि मी तो लॅबमध्ये रिकाम्या वेळी मुलांना मुद्दाम करायला लावत असे. पायथनला ‘नागपूर’ या शब्दाची लांबी विचारायची. मुले बोटांवर मोजतात: ना, ग, पू, र, चार. यंत्र सांगते सहा. का, तर यंत्राच्या हिशेबात ‘न’ वेगळा आणि त्याचा काना वेगळा, ‘प’ वेगळा आणि त्याचा दीर्घ उकार वेगळा. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीसाठी १२८ जागांचा एक स्वतंत्र कप्पा आहे. त्यात ‘क’चा क्रमांक २३२५, ‘ख’चा २३२६ आणि काना-मात्रांचेही स्वतःचे क्रमांक आहेत. इंग्रजी कॅपिटल ‘ए’चा क्रमांक ६५. इंग्रजी अक्षर यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत एका बाइटमध्ये मावते, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून रोमन लिपीतले नागपूर सहा बाइटांत आटोपते आणि आपले नागपूर अठरा बाइट घेते. मग मुलांना तोच शब्द उलटा करायला सांगायचा. अक्षरे उलटली तर ‘रपूगना’ यायला हवे. यंत्र मात्र ‘रूपगान’ असे उत्तर देते, कारण चिन्हांचा क्रम उलटताना ‘प’चा उकार ‘र’ला जाऊन चिकटतो आणि ‘न’चा काना ‘ग’ला. पहिल्यांदा हे पाहिल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते कोणत्याही प्रमाणपत्राने उमटत नाही. यंत्राला अक्षर दिसत नाही, क्रमांक दिसतात, ही गोष्ट त्यांना त्या क्षणी समजते, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला तर असेही वाटते की या विषयात आपल्या भाषेलाही जागा आहे.

इंग्रजीचा धसका हा वेगळा विषय आहे, पण तो टाळून चालणार नाही. मराठी वा सेमी-इंग्रजी शाळेतून आलेली मुले त्रुटीचा लाल संदेश दिसला की तो न वाचताच हात वर करतात. मी प्रत्येकाला आधी तो मोठ्याने वाचायला लावत असे. पायथनमध्ये संदेशाची शेवटची ओळ आधी वाचावी, कारण काय बिघडले ते तिथे लिहिलेले असते; सीमध्ये उलट, कंपायलरने (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाने) वीस चुका दाखवल्या तरी पहिलीच दुरुस्त करून पुन्हा चालवावे, बाकीच्या बहुतेक वेळा तिच्याच पोटातून निघालेल्या असतात. अशा संदेशांत तेच ते तीस-चाळीस शब्द फिरून फिरून येतात. एका वहीत डावीकडे संदेश आणि उजवीकडे त्याचा मराठीत, आपल्या शब्दांत अर्थ, असे दोन महिने लिहीत गेले तर भीती उरत नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पातील लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम), सी, लिब्रेऑफिस अशा विषयांचे छोटे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य उपलब्ध आहेत. ज्यांना इंग्रजी व्हिडिओ झेपत नाहीत त्यांनी तिथून सुरुवात करण्यात काही कमीपणा नाही.

गणिताचे पुस्तक तर रद्दीत देऊच नये. राज्य मंडळाच्या बारावी विज्ञानाच्या गणितात पहिलेच प्रकरण तर्कशास्त्राचे आहे. ते सोपे म्हणून मुले एका दिवसात उरकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. वास्तविक आयटीच्या विद्यार्थ्याला त्या साऱ्या पुस्तकात सर्वांत आधी कामी येणारे प्रकरण तेच. जिन्यातला दिवा आठवावा. खालच्या बटणाने लावता येतो आणि वरच्या बटणाने विझवता येतो. दोन्ही बटणांची स्थिती वेगळी असेल तेव्हा पेटतो, सारखी असेल तेव्हा विझतो. त्या प्रकरणातील सत्यता सारणी, म्हणजे कधी खरे आणि कधी खोटे याचा तक्ता, मांडली की हा दिवा चार ओळींत कागदावर उतरतो, आणि हीच सारणी पुढे डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये ‘एक्सॉर’ या नावाने भेटते, प्रोग्रॅममधल्या प्रत्येक अटीत भेटते, डेटाबेसमधून माहिती निवडतानाही भेटते. संच आणि संबंध हे अकरावीतले प्रकरणही तसेच. डेटाबेस शिकवताना सर ‘रिलेशन’ हा शब्द उच्चारतात तेव्हा ज्यांना अकरावी आठवते ती मुले मान डोलावतात, बाकीची तो नवा शब्द म्हणून पाठ करतात.

लॅपटॉपविषयी थोडक्यात. सीताबर्डीच्या बाजारातल्या दुकानांत या दिवसांत पालकांची गर्दी असते, आणि आयटी म्हटले की ऐंशी-नव्वद हजारांचे यंत्र दाखवले जाते. फर्स्ट इयरला सी आणि पायथन शिकण्यासाठी त्याची मुळीच गरज नाही. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेले साधे, अगदी जुने वापरलेले यंत्रही पुरते; त्यावर लिनक्स टाकले तर अधिक चांगले, कारण ते टाकतानाच खूप शिकायला मिळते. जास्त ताकदीचे यंत्र लागलेच तर ते कशासाठी हे तिसऱ्या वर्षी मुलाला स्वतःला कळते, तेव्हा घ्यावे. नागपूरकरांसाठी एक गोष्ट अनुभवाने सांगते: लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नये, खालच्या झरोक्यांतून हवा खेळत नाही आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो भाजतो, आणि डेझर्ट कूलरच्या थेट झोतात तर कधीच ठेवू नये. त्या ओलसर हवेने कीबोर्ड आणि पोर्ट खराब झालेली कितीतरी यंत्रे मुलांनी माझ्यासमोर आणून ठेवली आहेत.

‘कॉम्प्युटर इंजिनीअरिंग मिळाले नाही म्हणून आयटी घ्यावे लागले’ असे म्हणून खिन्न झालेले पालक दरवर्षी भेटतात. त्यांना माझे सांगणे असे की डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डीबीएमएस (डेटाबेसची हाताळणी) आणि कॉम्प्युटर नेटवर्क्स हा गाभा दोन्ही शाखांत सारखाच आहे. ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला ते डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे, आणि त्यांनी १९६५ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतली ती आपल्या नागपूरच्याच विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून. माहिती तंत्रज्ञान नावाची शाखा तेव्हा तिथे नव्हतीच. मुलाच्या मनावर शाखेच्या नावाचे ओझे टाकून त्याचे उरलेले आठवडे खिन्नतेत घालवू नयेत.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत एक नवीच अडचण उभी राहिली. प्रश्न लिहिताच पूर्ण प्रोग्रॅम तयार करून देणारी एआयची साधने मुलांच्या मोबाइलवर आली. ही साधने वापरूच नका असे मी म्हणत नाही. पुढे नोकरीत ती वापरावीच लागणार आहेत. परंतु ज्या मुलांनी पहिल्या दिवसापासून त्यांच्यावर भिस्त ठेवली, त्यांची जर्नल्स पूर्ण होती आणि तोंडी परीक्षेला मात्र ‘ही ओळ काढली तर काय होईल’ एवढ्या प्रश्नावर ती गप्प बसत. त्यांना तसे गप्प बसलेले पाहून मला फार वाईट वाटे, कारण ती आळशी मुले नव्हती. वर्ग सुरू होण्यापूर्वीच्या या आठवड्यांत तरी त्यांनी असा नियम पाळावा की अर्धा तास स्वतः झगडल्याशिवाय विचारायचे नाही, आणि विचारलेच तर आपला चुकलेला प्रोग्रॅम दाखवून ‘माझे कुठे चुकले’ असे विचारायचे, तयार उत्तर मागायचे नाही.

येथवर मी विद्यार्थ्यांविषयी आणि पालकांविषयी लिहिले. आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतले ते. मी वर जे सुचवले त्यातील बहुतेक सगळे करण्यासाठी विद्यार्थ्याला एक संगणक आणि अडले तर विचारायला एक माणूस लागतो. उमरेड, काटोल, रामटेक, सावनेरच्या कित्येक घरांत हे दोन्ही नसते, आणि नागपुरातल्या भाड्याच्या दोन खोल्यांतही नसते. दुसरीकडे, याच आठवड्यांत अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा बंद असतात. आमच्या एका लॅबमध्ये साठ यंत्रे होती. उन्हाळी परीक्षा संपल्या की मी त्यांवर कापडी खोळी घालत असे आणि फर्स्ट इयरचा पहिला वर्ग भरेपर्यंत त्या तशाच राहत. मी मात्र त्या काळातही रोज साडेदहाला कामावर हजर असे, रजिस्टर भरत असे, जुनी केबल गुंडाळून ठेवत असे. ज्यांनी प्रवेश निश्चित करून शुल्क भरले आहे अशा मुलांना आठवड्यातून तीन दिवस, दुपारी दोन-दोन तास ती लॅब वापरू दिली असती तर महाविद्यालयाला वीजबिलापलीकडे काय खर्च आला असता? मी दोनदा तसे लेखी सुचवले. ‘वर्ग सुरू झाल्याशिवाय विद्यार्थ्यांची जबाबदारी घेता येत नाही’ असे उत्तर मिळाले. त्या वेळी मी नोकरीत होते, पुढे काही बोलले नाही, याची खंत आहे.

एआयसीटीईने, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, प्रथम वर्षासाठी तीन आठवड्यांचा प्रारंभिक कार्यक्रम आखून दिलेला आहे. त्या तीन आठवड्यांत पाहुण्यांची भाषणे, परिसराची ओळख, योग, खेळ हे सर्व असावे. मुलांना घराबाहेर रुळायला त्याची मदत होते. त्याच वेळापत्रकात रोज एक तास लॅबसाठी राखून ठेवावा, जिथे हजेरी नाही, गुण नाहीत, सबमिशन नाही. फाइल कुठे ठेवायची, फोल्डर कसा करायचा, दहा बोटांनी कसे टाइप करायचे आणि लाल संदेश कसा वाचायचा एवढेच शिकायचे. हे शिकवायला प्राध्यापकही लागत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुले आनंदाने येतील. आपल्याला हे कोणी शिकवले नव्हते हे त्यांच्या चांगले लक्षात असते. विशेषतः जी मुले डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात येतात, त्यांचा हात यंत्रावर आधीच बसलेला असतो, आणि बारावीहून आलेल्या मुलांना सांभाळून घेण्यात मी त्यांच्याइतके तत्पर कोणी पाहिले नाही.

आपले वृत्तपत्र प्रवेशाच्या काळात महाविद्यालयांची माहिती देणारे विशेष पान काढते. त्यात शुल्क, प्लेसमेंट आणि वसतिगृह यांची माहिती असते. माझी आपणांस विनंती आहे की यंदा त्या पानासाठी नागपुरातील प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाला एक प्रश्न अवश्य विचारावा: प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला वर्ग सुरू होण्यापूर्वी तुमच्या संगणक प्रयोगशाळेत येऊन बसता येईल का, आणि येत असेल तर कोणत्या दिवशी, किती वाजता? मिळालेली उत्तरे महाविद्यालयाच्या नावासमोर जशीच्या तशी छापावीत. ज्या महाविद्यालयाला माणसाची अडचण असेल त्यांच्याकडे आठवड्यातून तीन दुपारी विनामोबदला येऊन बसायची माझी तयारी आहे. माझ्यासारखे निवृत्त प्रयोगशाळा सहायक या शहरात आणखीही आहेत, त्यांच्याशी मी बोलले आहे, आणि त्यांपैकी दोघे तयार आहेत. आम्हाला फक्त लॅबची किल्ली आणि प्राचार्यांची लेखी परवानगी हवी आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
मानेवाडा, नागपूर